डाव डिक्लेअर करण्याचा जुगार (कसोटी क्रिकेट)

कसोटीत बॅटिंग करणाऱ्या टीमच्या कॅप्टनने सगळ्या विकेट पडायच्या आधीच "पुरे आता" म्हणून डाव बंद करणं म्हणजे डिक्लेअर करणं, पेपरात ह्याला 'डाव घोषित करणे' लिहितात. एकदा सांगितलं की मागे घेता येत नाही. आता ५०० ची लीड घेऊन डिक्लेअर करायला काय छाती लागते, ते कोणीही करेल. जुगार तेव्हा होतो जेव्हा समोरच्यालाही जिंकायचा खराखुरा चान्स दिलेला असतो.

हे करायचं कशाला, तर जिंकायला साधारण २० विकेट काढाव्या लागतात, विकेटना वेळ लागतो आणि वेळ हवा तर आपलेच रन सोडावे लागतात. वर समोरचे मॅच वाचवायला नुसते अडवत बसले तर कितीही स्लिप (बॅट्समनच्या मागे कॅच टिपायला उभे फिल्डर) लावा, काही होत नाही. त्यांनी मारायला पाहिजे, आणि टार्गेट आवाक्यातलं वाटलं तरच ते मारतात. मांडवीच्या काठाला गरी टाकून बसलेल्या कोणालाही विचारा, सुंगट (कोळंबी) लावल्याशिवाय मासा लागत नाही, आणि कधी मासा सुंगट तेवढं खाऊन पळतो.

वेस्ट इंडिजचा कॅप्टन गॅरी सोबर्स, त्याचं तेच झालं. मार्च १९६८, पोर्ट ऑफ स्पेन, इंग्लंडविरुद्ध चौथी कसोटी. पहिल्या डावात वेस्ट इंडिजने ७ बाद ५२६ वर डिक्लेअर केलं, दुसऱ्यात तर २ बाद ९२ वरच, आणि इंग्लंडला दिले १६५ मिनिटांत २१५ रन. बॉयकॉट नाबाद ८०, काउड्री ७१, तीन बॉल राखून इंग्लंड जिंकलं आणि सिरीजही त्याच एका मॅचवर १-० अशी गेली. सोबर्सला लोकांनी खूप शिव्या घातल्या. माझं मत विचाराल तर ती मॅच नाहीतर ड्रॉच होती आणि आज कोणाला आठवलीही नसती.

गंमत म्हणजे तीन वर्षांनी हाच सोबर्स उलट्या बाजूला सापडला. १९७१, किंग्स्टन. पहिला दिवस पावसात गेला म्हणून फॉलोऑनची (मागे पडलेल्या टीमला लगेच परत बॅटिंग करायला लावायची) लीड २०० वरून १५० वर आली. भारत ५ बाद ७५, तिथून आमच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईने २१२ काढले, एकनाथ सोलकर साथीला, स्कोअर ३८७. वेस्ट इंडिज २१७. म्हणजे लीड १७०, आणि आपला कॅप्टन अजित वाडेकरने जाऊन सोबर्सला सांगितलं, परत बॅटिंगला या! फॉलोऑन म्हणजे डिक्लेअर नव्हे हे मान्य, पण जातकुळी तीच. मॅच ड्रॉ झाली पण पुढची भारताने जिंकली आणि सिरीजही.

हल्ली हा खेळ इंग्लंडचा बेन स्टोक्स कॅप्टन म्हणून खेळला. डिसेंबर २०२२ ला रावळपिंडीच्या पाटा (बॉलरला काहीच मदत नसलेल्या) विकेटवर पाकिस्तानला ३४३ चं टार्गेट देऊन इंग्लंड शेवटच्या दिवशी उजेड जाता जाता ७४ रननी जिंकलं. २०२३ ला एजबॅस्टनला रूट नाबाद ११८ असताना पहिल्याच संध्याकाळी ८ बाद ३९३ वर डिक्लेअर, आणि ऑस्ट्रेलिया २ विकेटनी जिंकली.

आपल्याकडे डिक्लेअर म्हटलं की वाद जिंकण्या-हरण्याचा नसतो, सेंचुरीचा असतो. मुलतान २००४, पाकिस्तानविरुद्ध सचिन १९४ वर आणि त्या मॅचचा कॅप्टन द्रविडने डाव बंद केला. भारत डावाने जिंकला तरी लोक अजून त्या ६ रनांवरच भांडतात.

गोव्यात कापणी झालेल्या शेतांत मॅची होतात त्या सगळ्या ठरलेल्या ओव्हरच्या, तिथे डिक्लेअर करायचा प्रश्नच येत नाही. पण नोव्हेंबर २०२४ ला पर्वरीत रणजीच्या प्लेट ग्रुपमध्ये (खालच्या गटात) अरुणाचलविरुद्ध गोव्याने २ बाद ७२७ वर डिक्लेअर केलं, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बखले बरोब्बर नाबाद ३००. जोखीम शून्य, अरुणाचल आधीच ८४ मध्ये गुंडाळलेलं. त्या ८४ मधल्या ५ विकेट अर्जुन तेंडुलकरच्या.