स्वमग्न मुलांसह पहाटेचा विमानप्रवास : मदतीची विनंती, कागदपत्रे आणि मुदतीचा हिशोब

विमानतळावर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला मदत मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे आणि दिव्यांग प्रवाशांची वाहतूक कशी करावी याबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम विमान कंपन्यांवर बंधनकारक आहेत. तरीही पहाटे चार वाजता काउंटरवर ताटकळणारी, कागद शोधणारी, रडणाऱ्या मुलाला सावरत अधिकाऱ्यांची मनधरणी करणारी कुटुंबे दिसतच राहतात. त्यांची अडचण बहुतेक वेळा पात्रतेची नसते. मदत चुकीच्या नावाने, उशिरा किंवा केवळ तोंडी मागितलेली असते आणि नेमके तेवढेच कारण पुढे करून त्यांना थांबवले जाते.

मागायचे काय?

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. संकेतस्थळावर ‘विशेष साहाय्य’ या रकान्यात बहुधा व्हीलचेअरचेच पर्याय ठळक दिसतात, म्हणून पालक तोच पर्याय निवडतात. मग पहाटे एखादा कर्मचारी खुर्ची घेऊन येतो, मूल धावताना दिसते आणि ‘याला तर चालता येते’ असे म्हणून तो खुर्चीसह निघून जातो. त्याच्या दृष्टीने विनंती निकाली निघालेली असते. दुसरीकडे, अनोळखी माणसाने खुर्चीत बसवून ढकलत नेणे काही मुलांना मुळीच सहन होत नाही.

बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या आणि मदतीची गरज असलेल्या प्रवाशासाठी विमान कंपन्यांमध्ये ‘डीपीएनए’ हा स्वतंत्र संकेत वापरला जातो. संकेतस्थळावर तो दिसला नाही, तर ग्राहक सेवा केंद्राला फोन करून ‘आरक्षणात डीपीएनए नोंदवा’ असे याच शब्दांत सांगावे. पलीकडच्या व्यक्तीला तो ठाऊक नसेल तर वरिष्ठांना विचारण्याचा आग्रह धरावा, फोन ठेवू नये. त्यानंतर त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करून आरक्षण क्रमांक, मुलाचे नाव आणि वय लिहावे आणि नेमके काय हवे ते मांडावे: रांगेत कमी वेळ, पालकाच्या शेजारची जागा, तपासणीच्या वेळी सोबत राहण्याची मुभा, विमानात सर्वांत आधी किंवा सर्वांत शेवटी प्रवेश. ‘मूल विशेष आहे, कृपया सहकार्य करावे’ एवढ्याच वाक्यावरून पहाटेच्या पाळीतल्या कर्मचाऱ्याला काय करायचे ते कळत नाही.

विमानात आधी चढण्याची सवलत प्रत्येक मुलाच्या सोयीची नसते, हेही लक्षात घ्यावे. बंद विमानात उड्डाणापूर्वी अर्धा-पाऊण तास पट्टा बांधून बसणे ज्या मुलाला जड जाते, त्याच्यासाठी एका पालकाने सामान घेऊन पुढे जावे आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन अगदी शेवटी यावे, ही व्यवस्था अधिक बरी. मात्र गेटवरच्या कर्मचाऱ्याला ती आधी सांगून ठेवावी लागते, कारण देशांतर्गत उड्डाणाचे गेट साधारणपणे 25 मिनिटे आधी बंद होते.

जागेबाबत एक अडचण कमी जणांना माहीत असते. 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षणातल्या किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असा निर्देश डीजीसीएने 2024 मध्ये दिला. स्वमग्न मूल 13 किंवा 15 वर्षांचे असेल, तर वयाच्या आधारावर हे संरक्षण मिळत नाही आणि जागा आपोआप वाटणारी यंत्रणा त्याला पाच रांगा पुढे बसवू शकते. म्हणून मोठ्या मुलाच्या बाबतीत शेजारची जागा दिव्यांगत्वाच्या आधारावर लेखी मागावी आणि वेब चेक-इन खुले होताच ती मिळाल्याची खात्री करावी. आपत्कालीन दारालगतची रांग अशा मुलाला दिली जात नाही.

48 तास कोणत्या क्षणापासून मोजायचे?

नियमानुसार ही विनंती उड्डाणाच्या किमान 48 तास आधी कळवायची असते. हे तास विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजले जातात, तारखेवरून नव्हे. रविवारी पहाटे 5.50 चे विमान असेल तर मुदत शुक्रवारी पहाटे 5.50 ला संपते. शुक्रवारी सकाळी दहाला केलेला फोन चार तास उशिराचा ठरतो आणि फोन करणाऱ्या पालकाला मात्र आपण दोन दिवस आधी कळवले असेच वाटत असते. पहाटेच्या विमानासाठी गुरुवारचा दिवस हाच शेवटचा समजावा; खरे तर तिकीट काढताच विनंती करावी. मुदत टळली असेल तरी गप्प बसू नये, लगेच फोन आणि ई-मेल करावा.

तारखेचाही घोळ होतो. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे ‘शनिवारी रात्री निघायचे’ असे घरात बोलले जाते आणि तिकिटावर रविवार असतो. मोठ्या माणसाला हे सांभाळून घेता येते. दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजणाऱ्या मुलाला मात्र चुकीचा वार सांगितला गेला, तर निघण्याच्या क्षणी आपल्याला फसवले असे त्याला वाटते. त्यामुळे मुलाच्या चित्रांच्या वेळापत्रकात ‘शनिवारी लवकर झोपणे, अंधारात उठणे, रविवारी विमान’ असे तीन वेगळे रकाने असावेत.

मुंबईहून निघणाऱ्यांनी टर्मिनल आदल्या दिवशी पुन्हा तपासावे. टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 यांची प्रवेशद्वारे एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत, नवी मुंबईचा विमानतळ तर त्याहून वेगळा, आणि एकाच कंपनीची विमाने वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटू शकतात. आठवडाभर एका इमारतीची छायाचित्रे दाखवून मुलाला तयार केले आणि गाडी दुसऱ्याच इमारतीसमोर थांबली, तर ती सारी तयारी वाया जाते.

कागदपत्रे

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे शासकीय ओळखपत्र, असेल तर उत्तम. ते नाही म्हणून मदतच मागता येणार नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. पुष्कळ पालक किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर अडखळतात. ती अट अनेक शासकीय योजनांसाठी आणि सवलतींसाठी असते. विमानतळावर हात धरून नेण्यासाठी टक्केवारी पाहण्याचे कारण नाही. कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते आणि स्वमग्नतेचे मूल्यमापन ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीने होते. हे काम प्रवासाच्या तोंडावर पूर्ण होत नाही, त्यामुळे प्रवासासाठी कार्डाची वाट पाहू नये आणि कार्डाचे काम प्रवास आटोपला म्हणून सोडूही नये. लहान मुलांच्या प्रमाणपत्रावर पुष्कळदा मुदत छापलेली असते. ती उलटून गेलेली असेल, तर तोच कागद काउंटरवर वादाचे कारण होतो.

खरे काम करतो तो डॉक्टरांच्या पत्राचा कागद, आणि नेमका तोच बहुतेकांकडे धड नसतो. पत्र लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, अलीकडच्या तारखेचे आणि इंग्रजीत असावे, कारण परतीच्या प्रवासात ते परराज्यातला कर्मचारी वाचणार असतो. सहानुभूतीने लिहिलेली काही पत्रे उलट नुकसान करतात. ‘रुग्ण अत्यंत आक्रमक असून सांभाळण्यास कठीण’ असे वाक्य शाळेतल्या मदतनीसासाठी उपयोगी असेल. विमानतळावर त्याच वाक्यामुळे कर्मचारी घाबरतो. निदान काय आहे, प्रकृती स्थिर असून मूल विमानप्रवासास योग्य आहे, सोबत कोण आहे, औषधे कोणती, गोंधळ-आवाजाने मूल अस्वस्थ झाल्यास कशाने शांत होते, एवढे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. हे खोटे लिहून घेणे नव्हे; जे वाचणाऱ्याच्या उपयोगी पडते तेच मागणे आहे.

आता ‘मेडिफ’ या वैद्यकीय अर्जाबद्दल. आजारी किंवा उड्डाणात प्रकृती बिघडण्याची शक्यता असलेल्या प्रवाशांसाठी तो असतो. ज्या दिव्यांग प्रवाशाला केवळ चढण्या-उतरण्यात आणि वावरण्यात मदत हवी आहे, त्याच्याकडून वैद्यकीय मंजुरीचा आग्रह धरू नये, असे डीजीसीएच्या नियमांतच आहे. स्वमग्नता हा आजार नाही. त्यामुळे फोनवर कोणी सरसकट मेडिफ मागितला, तर तो कोणत्या कारणासाठी हवा आहे ते ई-मेलवर लिहून मागावे. मुलाला अपस्माराचे झटके येत असतील, तर मात्र आधीच डॉक्टरांशी आणि कंपनीशी बोलावे.

ओळखपत्रात फारशी गुंतागुंत नाही: पालकांचे मूळ ओळखपत्र आणि लहान मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा. मुलाला 18 वर्षे पूर्ण झाली असतील तर त्याचे स्वतःचे ओळखपत्र लागते आणि शासनाने दिलेले छायाचित्रासह दिव्यांग ओळखपत्र त्यासाठी ग्राह्य आहे. चेहरा ओळखणारी डिजियात्रा ऐच्छिक आहे. कॅमेऱ्याकडे न पाहणाऱ्या मुलाला त्यासाठी दटावण्याची गरज नाही.

बेंगळुरू आणि दिल्ली येथील विमानतळांवर न दिसणाऱ्या दिव्यांगत्वासाठी सूर्यफुलाचे चित्र असलेली गळ्यातली पट्टी मिळते. 2016 मध्ये ब्रिटनमधील गॅटविक विमानतळावर ही पद्धत सुरू झाली. पट्टी पाहून कर्मचारी समजून घेतो, पण ती प्रवेशपत्र नव्हे आणि डीपीएनए नोंदीची जागा ती घेत नाही.

तपासणीचा अर्धा तास

पहाटे पाच ते सात या वेळात मोठ्या विमानतळांवरून विमाने पाठोपाठ सुटतात, त्यामुळे चार-साडेचारला सुरक्षा तपासणीची रांग ऐन भरात असते. चेक-इन काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या साधारण एक तास आधी बंद होतो. 5.50 च्या विमानाच्या वरच्या उदाहरणात तो 4.50 ला बंद होईल, म्हणून साडेतीनच्या सुमारास पोहोचावे. त्याहून फार लवकर जाऊन मुलाला प्रखर दिव्यांत तीन-चार तास बसवणेही योग्य नाही.

तपासणीत हातातले धातुशोधक यंत्र अंगावरून फिरवतात, कधी हातानेही चाचपतात. स्पर्श न सोसणाऱ्या मुलासाठी घरी आठवडाभर रोज एकदा पळी घेऊन हाच खेळ खेळावा: हात पसरणे, पाठ फिरवणे, संपले म्हणणे. कानावरचे हेडफोन नेमके सर्वांत गोंगाटाच्या जागी काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात. ही गोष्ट मुलाला आधी सांगितलेली नसेल, तर त्याच क्षणी त्याचा तोल जातो. एकटी आई आणि मोठा मुलगा असतील, तर पुरुषांची व महिलांची रांग वेगळी असल्याने दोघांची ताटातूट होते. रांगेत शिरण्याआधीच तिथल्या अधिकाऱ्याला पत्र दाखवून सोबत राहण्याची विनंती करावी. मूल ओरडू लागल्यावर केलेली तीच विनंती कोणी नीट ऐकून घेत नाही, हे वारंवार पाहिले आहे.

औषधाच्या बाटल्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असाव्यात. वजनदार पांघरूण नेत असाल तर त्याचे वजन हातातल्या सामानाच्या मर्यादेत धरले जाते. मुलाला झोपवण्यासाठी नवे औषध प्रवासाच्या रात्री पहिल्यांदा देऊ नये. काही मुलांवर त्याचा उलटा परिणाम होतो. नेहमीच्या गोळ्यांची वेळ पुढे-मागे करायची असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच करावी. झोपेची वेळ आठवडाभर आधीपासून रोज 15 मिनिटांनी अलीकडे आणावी, मुलाला प्रवासाच्याच कपड्यांत झोपवावे आणि आंघोळ-नाश्त्याचा रोजचा क्रम मोडत असेल तर तो कधी पूर्ण होणार हे चित्रात दाखवावे.

अडवले तर

7 मे 2022 रोजी रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग किशोरवयीन मुलाला इंडिगोने विमानात चढू दिले नाही. डीजीसीएने त्या कंपनीला पाच लाख रुपयांचा दंड केला आणि जुलै 2022 मध्ये नियम बदलले. दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. उड्डाणात प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटत असेल, तर डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायला हवे आणि त्यानंतरही नकार द्यायचा असल्यास कारणासह तो लगेच लेखी कळवायला हवा. हे पहाटेच्या पाळीलाही तितकेच लागू आहे. त्यामुळे आवाज न चढवता ‘डॉक्टरांना बोलवा आणि निर्णय लिहून द्या’ ही दोन वाक्ये म्हणावीत, विनंतीचा ई-मेल दाखवावा, अधिकाऱ्याचे नाव व वेळ टिपून घ्यावी. तक्रार कंपनीच्या नोडल (तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याकडे व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांकडेही दाद मागता येते.

परतीच्या विमानासाठी डीपीएनएची नोंद आपोआप होते असे गृहीत धरू नये. दोन वेगळी तिकिटे, वेगळी कंपनी किंवा मध्ये विमान बदलायचे असेल, तर प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र विनंती करावी आणि त्या टप्प्याचे 48 तास स्वतंत्र मोजावेत. चार दिवसांच्या सहलीत ही मुदत दुसऱ्याच दिवशी येऊन ठेपते, म्हणून जाण्याची आणि येण्याची विनंती एकाच ई-मेलमध्ये करून दोन्हींची लेखी पोच घरून निघण्यापूर्वी हातात घ्यावी.