स्पिटफायरचा पातळ पंख

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकायला मिळते आणि समाजमाध्यमांवरील मजकुरातून ते अधूनमधून नव्याने फिरू लागते. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंख लंबवर्तुळाकार होता. गणिताने सिद्ध केल्याप्रमाणे या आकाराला हवेचा विरोध सर्वांत कमी होतो. म्हणून स्पिटफायरने १९४० साली जर्मन विमानांवर मात केली, असे ते विधान. यातील पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धवट खरा आहे आणि तिसरा या दोहोंतून निघत नाही. स्पिटफायरच्या पंखाचे खरे वैशिष्ट्य वरून पाहिल्यावर दिसतच नाही, ते पाहण्यासाठी पंखाचा आडवा छेद घ्यावा लागतो. हा पंख त्या काळच्या मानाने विलक्षण पातळ होता, आणि त्याचा प्रसिद्ध आकार हा बव्हंशी त्या पातळपणाचा परिणाम होता.

आधी गणिताचे पाहू. उडणाऱ्या विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि पंखावर कमी असतो, हे शाळेत शिकवले जाते. पंखाच्या टोकाशी ही दोन क्षेत्रे एकमेकांना भेटतात, त्यामुळे खालची हवा टोकाला वळसा घालून वर जाऊ पाहते आणि विमानामागे दोन लांबच लांब भोवरे तयार होतात. या भोवऱ्यांमुळे पंखापाशी येणारा हवेचा प्रवाह किंचित खाली झुकतो. उचलणारे बल प्रवाहाला काटकोनात असल्याने तेही तेवढेच मागे कलते आणि त्याचा एक छोटा घटक विमानाला मागे ओढू लागतो. यालाच प्रेरित विरोध म्हणतात. गटिंगेन येथील लुडविग प्रांट्ल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवून दिले की, पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ठरलेली असेल, तर उचलणाऱ्या बलाची वाटणी लंबवर्तुळाप्रमाणे झाल्यास हा विरोध किमान असतो. येथे शब्द ‘बलाची वाटणी’ असा आहे, ‘पंखाचा आकार’ असा नाही. पंखाला पीळ नसेल आणि त्याचा छेद सर्वत्र एकसारखा असेल, तरच लंबवर्तुळाकार पंखावर तशी वाटणी मिळते. स्पिटफायरच्या पंखाला मात्र मुद्दाम अडीच अंशांचा पीळ दिलेला होता. मुळाशी पंख हवेला दोन अंशांनी वर उचललेला, तर टोकाशी अर्ध्या अंशाने खाली झुकलेला होता. म्हणजे ज्या आदर्शासाठी हा आकार निवडला असे सांगितले जाते, तो आदर्श आरेखनकारांनी जाणूनबुजून मोडला होता.

शिवाय फायदा किती, हेही पाहायला हवे. टोकाकडे सरळ रेषेत निमुळता होत जाणारा साधा पंख योग्य प्रमाणात बनवला, तर त्याचा प्रेरित विरोध आदर्शापेक्षा अवघे दोन-चार टक्के जास्त असतो. सरळ उड्डाणात वेग दुप्पट केला की प्रेरित विरोध एक चतुर्थांश होतो, त्यामुळे वेगवान विमानाच्या बाबतीत त्याचे महत्त्व आपोआप घटते. सुरुवातीच्या स्पिटफायरचे वजन सुमारे २,७०० किलो आणि कमाल वेग ताशी सुमारे ५७० किलोमीटर धरून ढोबळ हिशेब केला, तर त्या वेगाला एकूण विरोधातील प्रेरित विरोधाचा वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास येतो. त्याचे दोन-चार टक्के म्हणजे एकूण विरोधाच्या हजारात एक-दोन भाग. एवढ्यासाठी कोणी बनवायला महाकठीण असा पंख पत्करणार नाही. तीव्र वळणे घेताना आणि फार उंचीवर हा हिशेब थोडा बदलतो, पण त्याकडे नंतर येऊ.

मग आकार आला कोठून? सुपरमरीन या कंपनीचे मुख्य आरेखनकार रेजिनल्ड मिचेल यांनी समुद्रविमानांच्या श्नायडर करंडक शर्यतींसाठी वेगवान विमाने बनवून नाव मिळवले होते. मात्र लढाऊ विमानाचा त्यांचा पहिला प्रयत्न, टाइप २२४, जाड पंखांचा, न मिटणाऱ्या चाकांचा आणि निराशाजनक ठरला होता. दुसऱ्या खेपेस त्यांना पंख पातळ हवा होता, आणि त्याच पंखात मिटणारी चाके व हवाई खात्याला हव्या असलेल्या आठ ब्राउनिंग मशीनगन, म्हणजे प्रत्येक बाजूला चार, बसवायच्या होत्या. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. त्यातून वाट काढण्याचे काम मिचेल यांचे कॅनडियन सहकारी बेव्हर्ली शेनस्टोन यांच्याकडे होते.

येथे थोडी आकडेमोड अटळ आहे. हवेच्या दृष्टीने पंख पातळ की जाड हे सेंटिमीटरवर ठरत नाही. जाडीला त्या ठिकाणच्या पंखाच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीने भागले की जो आकडा येतो, त्यावर ते ठरते. स्पिटफायरच्या पंखाचे हे गुणोत्तर मुळाशी १३ टक्के होते आणि टोकाकडे ते आणखी कमी होत जाई. त्याच्याच सोबतीने लढलेल्या हॉकर हरिकेनचे मुळाशी १९ टक्के होते. बंदुकीला आणि चाकाला मात्र गुणोत्तर कळत नाही, त्यांना खरोखरीचे सेंटिमीटर लागतात. गुणोत्तर कमी ठेवून सेंटिमीटर वाढवायचे असतील, तर एकच मार्ग उरतो: पंखाची रुंदी जास्त ठेवायची, आणि तीही केवळ मुळाशी नव्हे तर बंदुका संपेपर्यंत.

स्पिटफायरच्या पंखाची एकूण लांबी ११.२३ मीटर आणि मुळाशी रुंदी सुमारे २.५४ मीटर होती. लंबवर्तुळाच्या क्षेत्रफळाचे शालेय सूत्र वापरले तर यातून २२.४ चौरस मीटर हे उत्तर येते आणि प्रत्यक्ष पंखाचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच आहे. आता एवढ्याच लांबीचा, एवढ्याच क्षेत्रफळाचा, पण सरळ रेषेत निमुळता होणारा आणि टोकाशी मुळाच्या ४० टक्के रुंद असलेला पंख कल्पा. मुळापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या मध्यावर लंबवर्तुळाची रुंदी २.२० मीटर भरते, तर निमुळत्या पंखाची २ मीटर. म्हणजे गुणोत्तर तेच ठेवूनही जाडी १० टक्के जास्त मिळते. पंख वाकण्यास जो प्रतिकार करतो तो खोलीच्या साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, तेवढ्याच धातूत सुमारे २० टक्के जास्त ताठपणाही पदरात पडतो. वरून पाहणाऱ्याला डौल दिसतो, तर आत काम करणाऱ्याला जागा मिळते. टोकाकडे जेथे काहीच ठेवायचे नाही, तेथे लंबवर्तुळ झपाट्याने संपते. शेनस्टोन यांनी पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे, आवश्यक सामान सामावून सर्वांत पातळ पंख देणारा आकार म्हणून हे लंबवर्तुळ निवडले गेले. जर्मनीच्या हाइंकेल ७० विमानावरून तो उचलल्याचा आरोपही त्यांनी फेटाळला होता.

पातळ पंखाचा कणा कसा असावा, हा पुढचा प्रश्न होता. स्पिटफायरच्या मुख्य स्पारचे, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईचे, वरचे व खालचे भाग एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्यांचे होते. ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये जसे मध्यभागी सर्व पाटे असतात आणि कडेकडे एकेक कमी होत जातो, तशा येथे मुळापासून टोकाकडे जाताना नळ्या एकेक करून संपत जात. जेथे भार जास्त तेथेच धातू जास्त, असा हा हिशेब होता. या स्पारच्या पुढच्या बाजूला जाड पत्र्याचे, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे पोकळ नाक जोडले होते आणि पंखाला पिळवटण्यापासून तेच वाचवत असे. मुळात या पोकळीत इंजिनाची वाफ थंड करण्याची योजना होती. रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन आल्यावर ती बाद झाली आणि पोकळी रिकामी राहिली. पुढे टेहळणीच्या निःशस्त्र स्पिटफायरमध्ये तिथेच पेट्रोल भरले गेले, त्यामुळे ही विमाने फार दूरवर जाऊन छायाचित्रे घेऊ शकली. मे १९४१मध्ये नॉर्वेच्या खाडीत थांबलेल्या बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचे छायाचित्र टेहळणीच्या एका स्पिटफायरने आणले.

मघाच्या अडीच अंशांच्या पिळाचा उलगडाही येथेच करायला हवा. वैमानिकाने विमानाचे नाक फार वर ओढले की एका कोनानंतर हवा पंखावरून सुटते आणि उचल कोसळते. पिळामुळे स्पिटफायरमध्ये हे प्रथम मुळाशी घडे, टोके मात्र अजून नीट उडत असत. मुळाजवळची खवळलेली हवा शेपटीवर आदळून विमान थरथरू लागे आणि वैमानिकाला सूचना मिळे, शिवाय टोकांकडील एलेरॉनवर, म्हणजे विमान कुशीवर वळवणाऱ्या हलत्या फळ्यांवर, त्याचा ताबाही टिकून राहत असे. थोड्याच तासांचा अनुभव असलेला तरुणही त्यामुळे वळणाच्या अगदी सीमेपर्यंत विमान ओढू शके. माझ्या मते थोडा प्रेरित विरोध पत्करून हा इशारा विकत घेणे, हा या पंखातील सर्वांत शहाणा निर्णय होता.

पहिल्या नमुन्याने ५ मार्च १९३६ रोजी साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथून उड्डाण केले. सव्वा वर्षाने, ११ जून १९३७ रोजी, कर्करोगाने मिचेल यांचे वयाच्या ४२व्या वर्षी निधन झाले आणि पुढचा सर्व विकास जोसेफ स्मिथ यांच्या देखरेखीखाली झाला. ३१० विमानांची पहिली मागणी १९३६मध्येच आली होती, पण दोन दिशांना वळलेला पत्रा बनवणे इतके किचकट होते की पहिल्या तुकडीला विमाने मिळायला ऑगस्ट १९३८ उजाडला. कासल ब्रॉमविच येथील प्रचंड कारखान्यातून तर जून १९४०पर्यंत एकही विमान बाहेर पडले नाही. ‘ब्रिटनच्या लढाई’त, म्हणजे १९४०च्या हवाई युद्धात, हरिकेनची संख्या स्पिटफायरहून बरीच जास्त होती आणि पाडलेल्या शत्रुविमानांतील मोठा वाटा हरिकेनचाच होता, याचे एक कारण या सुंदर पंखातच आहे. त्याखेरीज रडार आणि त्यावर उभारलेली नियंत्रणव्यवस्था नसती, तर दोन्ही विमाने चुकीच्या जागी घिरट्या घालत बसली असती.

त्या लढाईतील स्पिटफायर तुकड्यांपैकी १५२ क्रमांकाची तुकडी ‘हैदराबाद’ नावाने ओळखली जाई, कारण तिला निजामाची देणगी होती, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे ‘सिटी ऑफ बॉम्बे’ हे नाव मिरवणारी १३२ क्रमांकाची तुकडीही स्पिटफायरच उडवत असे.

जर्मन मेसरश्मिट १०९ एका बाबतीत निर्विवाद सरस होते. त्याच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, मर्लिनला मात्र कार्ब्युरेटर होता. स्पिटफायरने नाक एकदम खाली केले की पेट्रोल कार्ब्युरेटरमधील तरंगक-कक्षाच्या छताकडे जाई, तरंगक उलट दिशेला सरकून झडप सताड उघडी टाके आणि अतिरिक्त पेट्रोलाने इंजिन गुदमरे. विमानदलात कारण न कळणाऱ्या बिघाडांचे खापर ‘ग्रेम्लिन’ नावाच्या खोडकर भुतांवर फोडण्याची विनोदी प्रथा होती, पण या बिघाडावर तोडगा काढला तो फार्नबरो येथील विमान-संशोधन केंद्राच्या अभियंत्या बीट्रिस शिलिंग यांनी. इंजिनाला पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल जाऊ देणारी, मोजून छिद्र पाडलेली एक छोटी धातूची वस्तू त्यांनी १९४१मध्ये बसवून दिली. २०१९ साली पहिले राफेल ताब्यात घेताना आपण त्याच्या चाकांखाली लिंबे ठेवली होती. विमानाचे रक्षण छिद्राचा व्यास अचूक काढल्याने होते, हे फार्नबरोला ऐंशी वर्षांपूर्वी ठाऊक होते.

लंबवर्तुळ पवित्र नव्हते याचा सर्वांत सरळ पुरावा पुढच्या आवृत्त्यांत सापडतो. कमी उंचीवर लढण्यासाठी अनेक स्पिटफायरची टोके चक्क काढून टाकली गेली आणि पंखाची लांबी सुमारे १० मीटरवर आणली गेली. त्यामुळे प्रेरित विरोध वाढला, पण कुशीवर वळण्याचा वेग सुधारला आणि वैमानिकांना तेच हवे होते. याउलट विरळ हवेत उंच उडताना प्रेरित विरोध खरोखरच बोचू लागतो, म्हणून दाबयुक्त कक्ष असलेल्या उंचीवरच्या आवृत्त्यांना टोकदार, लांबवलेले पंख दिले गेले. अशी विमाने वापरणाऱ्या तुकड्यांत १२४ क्रमांकाची तुकडी होती आणि तिचे नाव ‘बडोदा’ होते. प्रांट्ल यांच्या सूत्रात लांबीचा वर्ग छेदात असतो. विरोध कमी करायचा तर आकार घोटत बसण्यापेक्षा लांबी वाढवणे केव्हाही किफायतशीर.

पातळपणाची किंमतही मोजावी लागली. वेग वाढला की एलेरॉनच्या जोराने पंखच उलट दिशेने पिळवटे आणि विमान कुशीवर वळण्यास नाखूश होई. एलेरॉनचे कापडी आवरण बदलून धातूचे केल्यावर दांडा हलका झाला, पण पंखाचे हे पिळवटणे कायम राहिले. १९४१मध्ये फॉके-वुल्फ १९० आले तेव्हा हा दोष फार जाणवला. त्याला उत्तर म्हणून दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) मर्लिन बसवलेली नववी आवृत्ती जुलै १९४२मध्ये लढाईत उतरली, ती जुन्याच पंखावर.

या पंखाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या निर्मात्यांनी मागितलाही नव्हता. पंखावरून जाणारी हवा विमानापेक्षा जास्त वेगाने वाहते. पंख जितका जाड, तितकी ती वाढ मोठी. विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळ येऊ लागले की ही हवा आधीच तो वेग गाठते, आघात तरंग निर्माण होतात आणि विरोध भिंतीसारखा उभा राहतो. १९४४मध्ये फार्नबरोच्या चाचण्यांत टेहळणीच्या स्पिटफायरने सूर मारून ध्वनीच्या वेगाचे जवळजवळ ९० टक्के गाठले. अशा एका सुरात नाकावरचा प्रोपेलर गिअरसह तुटून गेला, तरी वैमानिकाने विमान तरंगत परत आणले. पहिल्या ब्रिटिश जेट विमानांनाही ही मर्यादा गाठता येत नव्हती.

युद्धाच्या अखेरीस सुपरमरीनने स्पिटफायरचा उत्तराधिकारी म्हणून स्पाइटफुल हे विमान बनवले. त्याला सरळ कडांचा, बनवण्यास सोपा आणि हवेचा प्रवाह गुळगुळीत राखण्याच्या नव्या सिद्धान्तावर बेतलेला पंख होता. सुराच्या चाचण्यांत त्याची वेगमर्यादा स्पिटफायरपेक्षा कमी भरली आणि मोजकीच विमाने बनवून तो प्रकल्प थांबवण्यात आला.