गॅस्ट्रॉनॉमी म्हणजे शेफचा कोर्स नव्हे

‘गॅस्ट्रॉनॉमीत पदवी? म्हणजे शेफ होणार!’ हा समज काही केल्या जात नाही. गॅस्ट्रॉनॉमी म्हणजे खाद्यसंस्कृतीचा अभ्यास. इटलीत पोलेंझोला २००४ साली याच विषयाचं विद्यापीठ सुरू झालं. तिथे इतिहास, मानववंशशास्त्र, शेती, चवीची पारख असं सगळं शिकवतात.

कढईपेक्षा कागदपत्रांशीच गाठ जास्त. उदाहरणार्थ, पास्ता म्हणे मार्को पोलोने चीनहून आणला. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. इटलीतल्याच जिनोव्हा शहरातल्या नोटरीने मात्र १२७९ सालीच एका सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत टोपलीभर मॅकरोनी नोंदवलीय. वाळलेलीच असणार, ताजी कोण वारसांसाठी ठेवतो! त्याही आधी, ११५४ च्या सुमारास, अल-इद्रीसी या अरब भूगोलतज्ज्ञाने सिसिलीतल्या त्राबियाहून जहाजं भरभरून पास्त्याच्या शेवया जात असल्याचं लिहून ठेवलंय.

कांदा चिरायला घरीच शिका.