पॅराशूट उघडल्यावर माणूस वर जात नाही

पॅराशूट उघडताच उडी मारणारा झर्रकन वर खेचला जातो, हे विधान नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या कट्ट्यांपासून पंचवटीतल्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत वर्षानुवर्षे फिरत आहे आणि सोबतची चित्रफीत पाहून ते खरेही वाटते. प्रत्यक्षात पोट जमिनीकडे करून पडणाऱ्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. पॅराशूट उघडल्यावर काही सेकंदांत तो ताशी २० किलोमीटरच्या आसपास येतो, पण माणूस खालीच येत राहतो. चित्रीकरण करणारा सोबती मात्र जुन्याच वेगाने पडत असल्यामुळे, शेजारच्या रुळावरील गाडीने ब्रेक लावल्यावर ती मागे गेल्यासारखी भासावी, तसा हा भास होतो.

वेग घटताना बसणारा झटका मात्र खरा असतो. तो सौम्य करण्यासाठी दोऱ्यांवरून हळूहळू खाली सरकणारा ‘स्लायडर’ हा कापडी चौकोन पॅराशूटला एकदम फुलू देत नाही. (चित्रफितींत त्याच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.)

वेगातील हीच तफावत एकत्र उड्या मारणाऱ्यांसाठी धोक्याची असते, कारण खालच्याचे पॅराशूट उघडले आणि वरचा अजून वेगाने पडत असला, तर टक्कर होऊ शकते. म्हणूनच ठरलेल्या उंचीवर सगळे एकमेकांपासून दूर सरकतात आणि उघडण्यापूर्वी हात हलवून वरच्यांना इशारा देतात.