बहु-अवयव निष्क्रियता (गंभीर दुखापतीनंतरची)

मोठ्या दुखापतीनंतर दोन किंवा अधिक अवयवांचे काम एकदम वा एकामागून एक ढासळण्याची अवस्था. यात मार न लागलेले अवयवही बंद पडतात. मांडी मोडली, मग मूत्रपिंडाला काय झाले, असे नातेवाईक विचारतात तेव्हा प्रश्न रास्तच असतो.

रक्तस्रावाने रक्तदाब घसरला की अवयवांना प्राणवायू कमी पडतो. फुटलेल्या पेशींतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि जंतू नसतानाही शरीरभर दाह पेटतो. केशवाहिन्या पाझरू लागतात, फुफ्फुसांत पाणी साचते. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेले काही जण दिवसांनी याच कारणाने दगावले. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याची नोंद केली.

अतिदक्षता विभागात ‘सोफा’ गुणांकन वापरतात: श्वसन, रक्ताभिसरण, यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि रक्त गोठणे यांना प्रत्येकी ० ते ४ गुण; गुण जास्त म्हणजे बिघाड जास्त. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो, याला अर्थ अधिक.

व्हेंटिलेटर वा डायलिसिस अवयव बरा करत नाही, त्याचे काम तेवढ्यापुरते उचलतो. व्हेंटिलेटर इजाही करू शकतो. फुफ्फुसे खूप फुगवण्याऐवजी उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ६ मिलि. हवा दिल्यास मृत्यू घटतात, हे २००० साली सिद्ध झाले.

मूत्रपिंडाची सुधारणा पलंगाला लटकणाऱ्या पिशवीत दिसते. लघवी तासातासाला मोजली जाते. कित्येक दिवस पिशवी जवळजवळ कोरी असते. मग थोडी लघवी उतरते, आणि काहींना पुढे दिवसाला कित्येक लिटर होते. घरच्यांना हायसे वाटते, पण ते बहुतांशी पाणीच असते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळायचे रक्तातले टाकाऊ द्रव्य, उतरायला आणखी वेळ लागतो.

काही रुग्ण आठवडेच्या आठवडे मध्येच अडकतात: दाह शमत नाही, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, पोषण देऊनही स्नायू झडतात. श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातलेली असल्याने बोलता येत नाही. पलंगाच्या कडेला बसवायला दोन माणसे लागतात. भ्रमात पाहिलेले खरेच घडले, असे कित्येकांना नंतरही वाटत राहते. म्हणून काही विभागांत परिचारिका आणि नातेवाईक रोजची डायरी लिहितात आणि शुद्धीवर आलेल्या रुग्णाला ती वाचायला देतात.