‘आमच्या घराण्यात नाही’ म्हणजे धोका नाही?

‘मोठ्या आतड्याचा कॅन्सर आनुवंशिक, घरात कुणाला नसेल तर काळजी नको.’ हा समज अर्धाच खरा. आईवडिलांना किंवा भावंडांना झाला असेल तर धोका वाढतोच. पण बहुतेक रुग्णांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. वय, तंबाखू, दारू, बैठं काम आणि पोटाचा घेर यांचाही वाटा असतो. पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे रक्तातलं इन्सुलिन आणि दाह वाढतो, पेशींच्या वाढीला चालना मिळते. वजनकाटा इथे फसवतो: हातपाय काटकुळे, पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. भारतीय पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे धोका धरतात. शौचातून रक्त जात असेल तर मात्र मोजत बसू नका. ‘मूळव्याधच असेल’ हे डॉक्टरांना ठरवू द्या.