पाण्याखालची खाचरं

आजीला सनावळी कधी जमली नाही. तिच्या सगळ्या आठवणी दोनच खुंट्यांना टांगलेल्या: ‘धरणाआधी’ आणि ‘भूकंपाच्या साली’. कोयना खोऱ्यातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं मागे जातो.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना डोंगररांगांमधून थेट दक्षिणेला उतरते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. या चिंचोळ्या खोऱ्यात नदीकाठी भाताची खाचरं आणि वर उतारावर वरकस म्हणजे हलकी जमीन, एवढीच शेती. वरकसात एका वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग कारळा, आणि नंतर जमीन काही वर्षं पड. राब, म्हणजे वाफ्यावर पसरलेल्या फांद्या-पाला, भाजल्याशिवाय भाताचं रोप नाही. लावणी पाठीवर इरलं घेऊन. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते इरलं. बाई वाकली तरी पाठ कोरडी आणि दोन्ही हात चिखलात मोकळे. छत्रीला हे जमत नाही, हे आजीचं मत, आणि मला ते पटतं. मीठ आणि सुकट कोकणातून घाटवाटांनी डोक्यावरून वर यायची.

कोयना धरणाचं काम १९५०च्या दशकात सुरू झालं आणि पुढच्या दशकात शिवसागराचं, म्हणजे धरणाच्या जलाशयाचं, पाणी चढू लागलं. चांगली जमीन तळाशी, म्हणून आधी खाचरं गेली. हाती राहिलं ते वरकस. कुणी सोलापूर-सांगलीकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे उठून गेले. आमचे आजोबा घराचे वासे काढून वर सरकले. तिथे जेमतेम बस्तान बसतंय, तोच ११ डिसेंबर १९६७ची पहाट उजाडायच्या आत भूकंपात भिंती खाली आल्या.

नाचणीवर घर भागेना, तेव्हा पुरुष मुंबईला गेले ते पाठीवर ओझी वाहायला. माथाडींना कायद्याचं संरक्षण १९६९मध्ये मिळालं. ती चळवळ उभी करणारे अण्णासाहेब पाटीलही आमच्याच पाटण तालुक्यातले. गावात बायका आणि म्हातारे उरले. १९८५मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं आणि राबासाठी फांद्या तोडणंही अवघड होऊन बसलं.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुने बांध उघडे पडतात, काही जण तिथे गाळपेर करतात. लाँचमधून जाताना आजी बोट दाखवत बांध मोजते. चौथ्यापाशी थांबते, तो आमचा.